लेकरांस वाचावयास शिकविणे हे कोणाचे काम?

आईबापांवर लेकरांचे कोणते ऋण आहे, असे कोणी विचारले, तर आमच्या मंडळ्यांतील बहुतेक बंधुभगिनी अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि प्रार्थना ही नावे ताबडतोब घेतील. त्यानंतर शाळेचे नाव घेतील. परंतु वाचनाचे नाव कोणी घेईल असे आम्हांस वाटत नाही. मुलाचे नाव शाळेत घातले म्हणजे वाचनाचे काम गुरुजींकडे गेले आणि घर त्या ऋणातून मोकळे झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ज्या आईबापांस स्वतःसच अक्षरओळख नाही त्यांच्यावर ह्या बाबतीत काही कर्तव्य येते की नाही, ह्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शाळेविषयी. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असा कायदा आपल्या देशात १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. ही मोठी कृपा आहे. आमच्या आज्यापणज्यांस जे दार बंद होते ते आज गोंड, हलबी, पोवार, महार, कोणाच्याही लेकरास उघडे आहे, ह्याबद्दल देवाचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु दार उघडे असणे निराळे आणि आतले धन हाती लागणे निराळे. 'असर' ह्या नावाने खेड्यापाड्यांतील मुलांच्या वाचनाची जी पाहणी होत असते, तिच्यात २०१८ साली पाचवीतील शंभर मुलांपैकी सुमारे पन्नास मुले दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकत होती. मध्यंतरी महामारीमुळे शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ साली ही संख्या शेकडा ४२.८ वर आली. २०२४ च्या पाहणीत ती पुन्हा काहीशी चढली, तरी निम्म्यास पोहोचली नाही. म्हणजे पाच वर्षे शाळेत बसूनही निम्म्याहून अधिक लेकरे तीन इयत्ता मागचे पान वाचू शकत नाहीत. ह्यात सर्व दोष गुरुजींचा म्हणावा, तर एकाच खोलीत दोनतीन वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजीवर तो अन्याय होईल. सर्व दोष मुलांचा म्हणणे तर त्याहून मोठा अन्याय होय. एका मुलाच्या शेजारी बसून, त्याच्या बोटाखालचा शब्द पाहून, तो चुकेल तेथे थांबण्यास जो वेळ लागतो, तो शाळेपाशी पुरेसा नाही. तो वेळ कोणाकडे आहे, हा खरा प्रश्न आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. मोशेने इस्राएल लोकांस परमेश्वराची वचने सोपविली तेव्हा ती लेकरांच्या मनावर बिंबविण्याचे काम त्याने कोणा शाळेवर घातले नाही. घरात बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता ह्या वचनांविषयी मुलांशी बोलत जा, असे त्याने प्रत्येक घरास सांगितले. त्या काळी घरोघर ग्रंथ नव्हते. आज्ञा आहे ती बोलण्याची, आणि ती पंडितांस नव्हे तर मेंढरे राखणाऱ्या व शेत नांगरणाऱ्या लोकांस आहे. तीमथ्यास बाळपणापासून पवित्र शास्त्राची ओळख होती असे पौल लिहितो, आणि त्याच्या विश्वासाचे मूळ सांगताना कोणा गुरूचे नाव न घेता आजी लोईस आणि आई युनीके ह्यांची नावे घेतो. बाप हेल्लेणी होता, आणि त्या घरात शास्त्राची ही ओळख बायकांनी जागविली.

ह्यावर आमच्या वाचकांपैकी एखादी भगिनी म्हणेल, "पाळकसाहेब, युनीकेस येत असेल. मला माझी सही करता येत नाही. मी काय शिकवू?" हा आक्षेप पोकळ नाही, आणि त्यास उडवून लावणे योग्य नाही. जे करण्याचे सामर्थ्यच नाही ते न केल्याचा दोष देव कोणास लावीत नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेपाशी प्रभूने तिसरी मागितली नाही. तथापि त्या विधवेने आपल्यापाशी रुपया नाही म्हणून टोल्याही पदरी बांधून ठेविल्या नाहीत. म्हणून निरक्षर आईने असा प्रश्न करावा: माझ्यापाशी अक्षरे नाहीत हे खरे, परंतु माझ्यापाशी काय आहे?

ह्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या तरुण पत्नीस, लक्ष्मीबाईंस, घरी संस्कृत शिकविले. १८५८ साली सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत राहिले. शाळा कोठली आणि घर तरी कोठले! वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यापासून पंधरा वर्षांच्या होईपर्यंत त्यांस आईने शिकविले. दिवसभर आईच्या मागे कामे असत. म्हणून पहाटे, पाखरे बोलू लागत त्या वेळी, झोपेत असलेल्या मुलीस ती गोंजारून उठवी, जवळ घेई आणि तोंडी पाठ देई. पुस्तक म्हणजे आईचे तोंडच. त्या मातेचा १८७४ च्या सुमारास दुष्काळात अंत झाला. परंतु तिने शिकविलेली मुलगी १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्यांनी गौरविली गेली. आणि पुढे ख्रिस्ताची शिष्या झाल्यावर, हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित बायकांसही समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या, आणि ते शास्त्र केडगावच्या मुक्ति मिशनात छापून १९२४ साली पुरे झाले.

कोणी म्हणेल, ती आई विदुषी होती, आमची तुलना तिच्याशी कशाला? परंतु तिने मुलीस जे दिले त्याचे दोन भाग करून पाहा. एक भाग विद्येचा. तो आमच्या पुष्कळ घरांत नाही, हे कबूल. दुसरा भाग पहाटेच्या त्या घटकेचा, जवळ घेण्याचा, गोड शब्दांचा आणि रोज न चुकता ऐकण्याचा. हा भाग विद्येवाचून देता येतो. पहिला भाग आज शाळा देऊ शकते. दुसरा भाग कोणतीही शाळा देऊ शकत नाही. तो घराने न दिला तर लेकरास तो कोठूनच मिळावयाचा नाही. निरक्षर आईच्या दोन टोल्या ह्याच आहेत: बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान.

ह्या दोहोंचा वाचनाशी काय संबंध, ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. बोलणे मूल आपोआप शिकते. वाचणे तसे येत नाही, ते शिकवावे लागते. परंतु ज्याच्या कानात शब्दांचा साठा आहे त्यासच कागदावरचा शब्द ओळखीचा वाटतो. ज्या मुलाने योसेफाच्या भावांची गोष्ट आजीच्या तोंडून दहादा ऐकली आहे, तो 'झगा' हा शब्द पुस्तकात भेटताच त्यास हाक मारील. ज्याने काही ऐकलेच नाही, त्यास 'झ' आणि 'गा' अशी दोन अक्षरे दिसतील, शब्द दिसणार नाही. आमच्या झाडीपट्टीत लहान मुलेसुद्धा दंडारीतील गाणी आणि सोंगांची बोलणी तोंडपाठ म्हणून दाखवितात. ज्या कानांत एवढे मावते, त्यांत शास्त्रातील गोष्टी, गावातील तळ्याच्या हकीकती, आजोबांच्या तरुणपणाच्या आठवणी मावणार नाहीत काय? गोष्ट सांगून झाली म्हणजे विचारावे: "मग काय झाले? त्याने असे का केले? तू असतास तर काय केले असतेस?" असे प्रश्न विचारण्यास अक्षर लागत नाही.

नंतर ऐकण्याचे काम. मूल दुसरी-तिसरीत गेले म्हणजे सायंकाळी पंधरा मिनिटे त्याचे पुस्तक त्यास मोठ्याने वाचावयास लावावे, आणि बापाने अगर आईने जवळ बसून ऐकावे. बोट शब्दाखाली ठेवावयास सांगावे. आईस वाचता येत नसले, तरी मुलाचे बोट ओळीवरून पुढे सरकते की एकाच जागी राहून तोंडच पुढे धावते, हे तिला दिसतेच. मधलाच एखादा शब्द दाखवून "हा कोणता?" असे विचारावे. अडखळला तर त्या शब्दावर खूण करून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींस, वडील बहिणीस अथवा प्रचारकास दाखवावी. धाकट्यांसाठी आपल्या पूर्वजांची धूळपाटी अजून कामाची आहे. ताटात बारीक रेती पसरावी आणि पहिल्याने मुलाचे स्वतःचे नाव काढावयास लावावे. आपले नाव पहिल्यांदा ओळखणाऱ्या लेकराचा चेहरा ज्यांनी पाहिला असेल त्यांस ह्याचे कारण सांगावयास नको.

आमच्या लिपीत काही खाचा आहेत, त्या जाणत्यांनी लक्षात घ्याव्यात. 'कि' ह्यात वेलांटी आधी लिहितात आणि उच्चार मागून होतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ही अक्षरे सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. 'र' तर कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरपी रेघ होतो. मूल येथे चुकते ते मंदबुद्धीमुळे नव्हे. अशा जागी हसणे किंवा हात उगारणे ह्याने वेलांटी सरळ होत नाही. मूल एवढेच शिकते की पुस्तक म्हणजे मार. बापांनी आपल्या लेकरांस चिडीस आणू नये असे पौल दोनदा लिहितो, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचे कारणही देतो: ती खिन्न होऊ नयेत. वाचनाच्या वेळेइतकी ह्या आज्ञेची गरज क्वचितच दुसऱ्या वेळी पडत असेल.

येथे एका अधिक नाजूक गोष्टीविषयी आमच्या प्रचारक बंधूंशी बोलले पाहिजे. शब्बाथशाळेत मुले वचने खडाखड म्हणतात आणि मंडळी आनंदते. पाठांतर ही चांगली गोष्ट आहे, ते कोणी सोडू नये. परंतु पुस्तक समोर धरून पाठ म्हणणे आणि वाचणे ह्यांत भेद आहे, आणि तो भेद झाकणे म्हणजे खोटी साक्ष होय. पाठ म्हणणाऱ्यास 'वाचतो' म्हणून शाबासकी मिळाली, तर तो ती शाबासकी सांभाळण्यासाठी पुढे नेहमी पाठच म्हणेल, आणि आपणास येत नाही हे सांगण्याची त्यास लाज वाटू लागेल. त्यापेक्षा चार शब्द अडखळत वाचणाऱ्या लेकराची अधिक वाखाणणी करा. खरेपणा शिकविण्याची ती पहिली जागा आहे.

दुसरा प्रश्न घरच्या बोलीचा. आमच्या जिल्ह्यात सालेकसा, देवरीकडे कित्येक घरांत गोंडी किंवा हलबी बोलतात. गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगावाकडे पोवारी ऐकू येते. इतरत्र झाडीबोली आहे, आणि छत्तीसगढी व हिंदी तर रेल्वेच्या वाटेने घरोघर आल्या आहेत. मूल घरी 'पानी' म्हणते आणि पुस्तकात 'पाणी' पाहते. कित्येक आईबापांस वाटते की आपली बोली गावंढळ आहे, म्हणून लेकराशी मोडक्यातोडक्या पुस्तकी भाषेत बोलावे. आमचे मत ह्याच्या उलट आहे. जी भाषा तुम्हांस पुरती येते तीतच लेकराशी पुष्कळ बोला. तीत त्याचा विचार वाढेल, आणि वाढलेला विचार दुसऱ्या भाषेत नेता येतो. 'पानी' म्हणणाऱ्यास "आपण घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात" एवढे सांगितले म्हणजे पुरे. १८४५ साली नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी गोंड लोकांची गाणी त्यांच्याच बोलीत लिहून घेतली, आणि १८६३ साली त्यांच्या मृत्यूनंतर तो संग्रह १८६६ साली प्रसिद्ध झाला. परक्या देशातून आलेल्या मनुष्यास जी बोली जतन करण्याजोगी वाटली, तिची लाज तिच्याच लेकरांनी का वाटून घ्यावी? पन्नासाव्या दिवशी प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकिली, हे विसरू नये.

आता एक शंका अशी की, वाचणारे मूल न वाचणाऱ्या बापास तुच्छ लेखील, आणि मग आईबापांचा मान राखण्याची आज्ञा कोठे राहिली? ही भीती निराधार नाही. परंतु ज्या बापाने मुलाजवळ कधी बसून ऐकलेच नाही, त्याच्याविषयी ही भीती अधिक आहे. "बाळा, मला हे येत नाही, तू वाचून दाखव" असे जो बाप मोकळ्या मनाने म्हणतो, तो मुलाच्या दृष्टीने लहान होत नाही. धान केव्हा रोवावे, बांधीत पाणी किती ठेवावे, मोहफुले कशी सुकवावीत, हे त्या बापास येते आणि मुलास येत नाही. दोघे एकमेकांस शिकवितात. उलट, आपणास येत नाही म्हणून जो बाप पुस्तकाचीच थट्टा करितो, तो आपला मान वाचवीत नाही, लेकराची वाट मात्र अडवितो. वाचन एका बाजूने दुसऱ्या बाजूस कसे जाते, ह्याचे उदाहरण आमच्याच लोहमार्गावरचे आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका परक्या सहप्रवाशाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. ती वाट गोंदियावरूनच जाते. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांस वाचावयास टिळकांनीच घरी शिकविले. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरे केले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी भाषेस एक अमोल ग्रंथ दिला. शिकलेला मनुष्य आपल्या घरातील न शिकलेल्यास तुच्छ न लेखता जवळ बसवितो तेव्हा काय घडते, ते ह्यावरून दिसते.

ह्या सर्वांवर एक शेवटचा व खरा आक्षेप उरतो. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकलेली बाई, किंवा उन्हाळ्यात अंधारात उठून तेंदूपत्ता तोडून दिवसभर पुडे बांधणारी बाई, रात्री लेकराचे पुस्तक ऐकत बसेल काय? आम्ही म्हणतो, रोज तिनेच बसले पाहिजे असे नाही. हे काम बायकांवर ढकलून पुरुषांनी पारावर जाऊन बसावे, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. बापाने बसावे, आजोबांनी बसावे, वडील भावाने बसावे. जेथे घरात कोणीच नाही तेथे मंडळीने घर व्हावे. प्रचारकाच्या ओसरीवर आठवड्यातून तीन सायंकाळी दिवा लागावा, आणि पाचवी-सहावीतील मुलींनी व मुलांनी धाकट्यांस जवळ घेऊन बसावे. कामासाठी नागपूर, रायपूर अथवा हैदराबादेस जाणाऱ्या कुटुंबाच्या गाठोड्यात मंडळीने एक वाचनाचे पुस्तक घालून द्यावे. आणि भाऊ शाळेत व बहीण धाकट्यास सांभाळावयास, अशी वाटणी जेथे असेल तेथे ओसरीवरच्या पहिल्या जागा बहिणींस द्याव्यात.

एवढा खटाटोप कशासाठी? वाचनाने तारण होत नाही. वधस्तंभावरील चोरास प्रभूने पुस्तक वाचून दाखव म्हटले नाही, आणि आमच्या मंडळ्यांत सही न येणाऱ्या अशा वृद्धा आहेत की ज्यांच्या प्रार्थनेपुढे पंडितांनी मान लववावी. वाचता येणारा न येणाऱ्याहून देवापुढे मोठा, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु ज्यास वाचता येत नाही त्यास दुसऱ्याच्या जिभेवर विसंबावे लागते. सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, औषधाच्या बाटलीवर काय आहे, कोणत्या कागदावर अंगठा मागतात, हे त्यास दुसरा सांगेल तेच खरे. आमच्या वडिलांनी अशा अंगठ्यांपायी बांध्या गमाविल्या. आणि हीच गोष्ट वचनाची. बिरुया येथील लोक पौलाचे बोलणे ऐकून तेवढ्यावर थांबले नाहीत. ते खरे आहे की काय, हे पाहण्यासाठी रोज शास्त्र शोधीत, आणि शास्त्र त्यांस थोर म्हणते. पाळक सांगतो ते ग्रंथात आहे की नाही, हे पाहू शकणारी मंडळी आम्हांस पाहिजे आहे, मग त्यात आमचे उपदेश पारखले गेले तरी चालेल. अशी मंडळी आपोआप होत नाही. ती आजच्या सहा-सात वर्षांच्या लेकरांतून घडावयाची आहे.

म्हणून प्रिय बंधुभगिनींनो, शाळेचे काम शाळेस करू द्या, आणि त्याबद्दल गुरुजींचे आभार माना. परंतु घराचे जे आहे ते शाळेवर ढकलू नका. आज सायंकाळी दिवा लागल्यावर लेकरास जवळ बोलवा आणि म्हणा, "आण पाहू तुझे पुस्तक, मी ऐकतो." तुम्हांस वाचता येवो अगर न येवो, हे वाक्य तुम्हांस म्हणता येते. जो प्रभु बाळकांस आपल्याजवळ येऊ द्या म्हणाला, तो तुमच्या ओट्यावरील त्या पंधरा मिनिटांस आशीर्वाद देवो.